चुकांचे आवर्तन

देवळाली नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. त्यांतले एक नाशिकजवळचे, छावणीचे. दुसरे राहुरी तालुक्यातले, नगरपरिषद असलेले. या दुसऱ्या गावाच्या नावापुढे ‘प्रवरा’ लागते आणि त्यामुळे टपाल आणि पाहुणे सहसा चुकत नाहीत. नाशिकच्या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. मायदेशी परतण्याची मुदत भरलेले गोरे सैनिक तिथल्या छावणीत जहाजांच्या हंगामाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. उकाडा, रिकामपण, दारू आणि हिवताप यांनी त्यांतल्या काहींचे डोके फिरे. अशा माणसाला ‘डुलाली टॅप’ झाला असे म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपलाच ताप. पुढे ताप गळून पडला आणि ‘डुलाली’ म्हणजे वेडा, एवढेच इंग्रजीत उरले. ज्या गावाने कोणालाही वेड लावले नव्हते, त्याच्या नावाला वेडाचा अर्थ चिकटला. कंटाळलेले सैनिक विसरले गेले.

तपशील गळतो, गोष्ट उरते आणि जी उरते ती मूळ घटनेपेक्षा सुटसुटीत असते. हे लोकभाषेत घडले तर आपण त्याला गंमत म्हणतो. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घडले तर त्यावर पाच गुणांचा प्रश्न येतो. गेल्या पन्नासेक वर्षांत या विषयाच्या इतिहासकारांनी पाठ्यपुस्तकांतल्या कितीतरी प्रसिद्ध गोष्टी मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच खोट्या नव्हत्या, पण खऱ्याही राहिलेल्या नव्हत्या. त्यांतल्या काहींचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा हा मागोवा. मराठीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने तो घ्यायचा आहे, कारण चूक त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते आणि दुरुस्ती तर त्याहूनही उशिरा.

धरणापासून चारीपर्यंत

देवळाली प्रवरेचा परिसर कालव्यांचा आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या पाटपाण्याने या पट्ट्याचे रूप पालटले. इथल्या शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही : धरणातले पाणी आणि शेतातले पाणी एकच असले तरी सारखे नसते. कालवा, वितरिका, चारी असे करत ते येते, वाटेत गाळ घेत येते. ‘टेल’च्या शेतकऱ्याला आवर्तन उशिरा मिळते, कमी मिळते आणि तक्रार करायची तर ती कुठे करायची हेही धड कळत नाही.

मानसशास्त्राचे ज्ञान आपल्याकडे असेच आले. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली, ते या शास्त्राचे रूढ आरंभवर्ष. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. हार्वर्डहून शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे प्रमुख होते. पुणे विद्यापीठ १९४९ चे. नगर जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच्याच कक्षेत येतात. देवळाली प्रवरेचा विद्यार्थी राहुरीला, श्रीरामपूरला किंवा नगरला जाऊन कला शाखेत मानसशास्त्र घेतो, तेव्हा त्याच्या हातातले पुस्तक या प्रवाहाचे शेवटचे टोक असते. अमेरिकन नियतकालिकातला निबंध, त्यावरून अमेरिकन पाठ्यपुस्तक, त्याची भारतीय आवृत्ती, तिच्यावरून मराठी पुस्तक, त्यावरून मार्गदर्शक आणि त्यावरून ‘अपेक्षित प्रश्नसंच’. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी संक्षेप करतो. लबाडी कोणाचीच नसते. प्रत्येक जण विद्यार्थ्याचे ओझे कमी करत असतो आणि कमी होते ते नेमके ‘परंतु’.

अल्बर्टचे काय झाले?

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९१९-२० च्या हिवाळ्यात एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. मुलाचे नाव त्यांनी ‘अल्बर्ट बी.’ असे दिले. त्याची आई त्याच आवारातल्या बालरुग्णालयात दाई होती. अल्बर्ट पांढऱ्या उंदराला भीत नव्हता. तो अकरा महिन्यांचा असताना, उंदीर समोर आला की त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारला जाई. काही वेळा असे झाल्यावर अल्बर्ट नुसत्या उंदरालाही बिचकू लागला. १९२० मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि ‘भीती शिकवता येते’ याचा तो सर्वमान्य दाखला ठरला.

बेन हॅरिस या इतिहासकाराने १९७९ मध्ये मूळ निबंध आणि त्यानंतरची पाठ्यपुस्तके शेजारी शेजारी ठेवली. पुस्तकांत अल्बर्टचे वय बदलले होते. तो कशाकशाला भ्यायला याची यादी लांबत गेली होती. तीत मांजर आले, माणसाची दाढी आली, मऊ खेळण्यातले अस्वल आले. यांतले काहीही मूळ निबंधात नाही. काही लेखकांनी तर गोष्टीचा शेवटही गोड केला : वॉटसन यांनी शेवटी मुलाची भीती घालवली. प्रत्यक्षात ती घालवण्याचा प्रयत्नच झाला नाही. अल्बर्टला त्याआधीच रुग्णालयातून नेले गेले. मूल केव्हा जाणार हे प्रयोगकर्त्यांना ठाऊक होते, असे निबंधावरूनच दिसते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. अल्बर्टची भीती पुस्तकांत दिसते तेवढी ठसठशीत नव्हती. काही दिवसांनी ती मंदावली तेव्हा पुन्हा कांब वाजवून ‘ताजी’ करावी लागली. ससा आणि कुत्रा समोर असतानाही कांब वाजवली गेली. मग भीती उंदरावरून आपोआप सशावर आणि कुत्र्यावर पसरली, असे निर्विवाद कसे म्हणायचे? पाठ्यपुस्तकातला ‘सामान्यीकरण’ हा मथळा ज्या पुराव्यावर उभा आहे, तोच मिसळीचा आहे. याचा अर्थ अभिसंधान खोटे असा नव्हे. पाव्हलॉव्हपासून पुढे त्याचे भक्कम पुरावे आहेत. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती पायरीपायरीने कमी केल्याची नोंद आहे. कदाचित तोच गोड शेवट चुकून अल्बर्टच्या पदरात पडला असावा.

पुढचा भाग दुरुस्ती करणाऱ्यांनाही धडा देणारा आहे. हॉल बेक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जाहीर केले की अल्बर्ट म्हणजे डग्लस मेरिट. हा मुलगा सहाव्या वर्षीच, १९२५ मध्ये, मेंदूत पाणी साचण्याच्या विकाराने वारला होता. म्हणजे प्रयोग आजारी मुलावर झाला होता का? हळहळ वाटावी अशी ही गोष्ट नव्या आवृत्त्यांत शिरू लागली. मग २०१४ मध्ये रसेल पॉवेल, नॅन्सी डिग्डन, बेन हॅरिस आणि क्रिस्टोफर स्मिथसन यांनी दुसरा मुलगा पुढे आणला : अल्बर्ट बार्जर. नाव जुळते, वजनाची नोंद जुळते, प्रकृती निरोगी. हा माणूस २००७ पर्यंत जगला. कुत्री त्याला आवडत नसत, असे त्याच्या नातेवाइकांना आठवत होते. कुत्री न आवडणारी माणसे जगात पुष्कळ असतात, हे त्या संशोधकांनाही माहीत होते. आज बार्जरचे पारडे जड आहे. पण पहिली दुरुस्ती छापून झाल्यावर दुसरी आली, हे लक्षात ठेवण्याजोगे. दुरुस्तीलाही मूळ पुराव्याची तीच कसोटी लावावी लागते.

अडतीस साक्षीदार

१३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीस या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिले की अडतीस सभ्य नागरिक अर्ध्या तासाहून अधिक काळ हे पाहत होते आणि कोणीही पोलिसांना फोन केला नाही. या बातमीने हळहळलेल्या बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी प्रयोग केले. मदत करू शकणारे लोक जितके अधिक, तितकी प्रत्येकाची जबाबदारीची जाणीव कमी, हा त्यांचा निष्कर्ष १९६८ पासून समाजमानसशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

रेचेल मॅनिंग, मार्क लेव्हिन आणि ॲलन कॉलिन्स यांनी २००७ मध्ये न्यायालयीन कागदपत्रे पाहून लिहिले की खिडकीत उभे राहून स्वस्थपणे पाहणाऱ्या अडतीस जणांना कसलाच आधार नाही. पहिल्या हल्ल्याच्या वेळी एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवले होते. दुसरा हल्ला इमारतीच्या आत, जिन्याच्या तोंडाशी झाला. तो रस्त्यापलीकडच्या खिडक्यांतून दिसणारच नव्हता. सोफिया फरार ही शेजारीण धावत खाली गेली आणि तिने किटीला शेवटपर्यंत कवेत धरून ठेवले. मारेकरी २०१६ मध्ये तुरुंगात मेला, तेव्हा आपली तेव्हाची बातमी सदोष होती हे खुद्द ‘टाइम्स’ने नोंदवले.

लाताने आणि डार्ली यांचे प्रयोग यामुळे बाद होत नाहीत. बाद होते ती त्यांच्या दाराशी टांगलेली गोष्ट. आणि विद्यार्थ्याच्या मनात राहते ती गोष्टच. ‘संकटात कोणी येत नाही’ हे सूत्र तो घेऊन जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका या देशांतल्या शहरांतील २१९ रस्त्यांवरच्या भांडणांचे कॅमेऱ्याने टिपलेले चित्रीकरण तपासले गेले. दर दहांपैकी नऊ प्रसंगांत किमान एक बघ्या मध्ये पडला होता. सोफिया फरारने केले ते अपवाद नव्हते.

मिदनापूरच्या मुली

आपल्या मार्गदर्शकांत, विशेषतः ‘सामाजिकीकरण’ या प्रकरणात, अजून भेटणारी गोष्ट भारतातलीच आहे. बंगालमधल्या मिदनापूर येथे अनाथाश्रम चालवणारे रेव्हरंड जे. ए. एल. सिंग यांनी सांगितले की १९२० मध्ये लांडग्यांच्या गुहेतून त्यांनी दोन मुली सोडवून आणल्या. लहान अमला, दीडेक वर्षांची. मोठी कमला, आठेक वर्षांची. त्या हातापायांवर चालत, कच्चे मांस खात, रात्री ओरडत. अमला १९२१ मध्ये वारली, कमला १९२९ मध्ये. अमेरिकेतले नामवंत बालमानसशास्त्रज्ञ आर्नल्ड गेझेल यांनी १९४१ मध्ये कमलावर पुस्तक लिहिले. १९४२ मध्ये सिंग यांची रोजनिशी रॉबर्ट झिंग यांच्यासह ग्रंथरूपाने आली. अशी दोन वजनदार नावे पाठीशी आल्यावर पाठ्यपुस्तकांना आणखी काय हवे?

शंका घेणाऱ्यांत एक भारतीय होते, याची नोंद आपल्या पुस्तकांत सहसा नसते. मानववंशशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस, म्हणजे नौखालीच्या पदयात्रेत गांधीजींचे चिटणीस असलेले बोस. त्यांनी आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी या प्रकरणाचा माग काढला. त्यांचा विस्तृत अहवाल १९५९ मध्ये निघाला. त्यांनी माणसे शोधली, जबान्या घेतल्या, जुनी वृत्तपत्रे पाहिली. वेगवेगळ्या ठिकाणी सांगितलेले तपशील एकमेकांशी जुळेनात. मुली आश्रमात होत्या हे खरे. त्या लांडग्यांत वाढल्या हे सिद्ध होत नव्हते. त्याच वर्षी ब्रूनो बेटलहाइम यांनी मांडले की हे वर्णन गंभीर विकासदोष असलेल्या, टाकून दिलेल्या मुलांशी जुळते. २००७ मध्ये सर्ज आरोल या फ्रेंच संशोधकाने रोजनिशी आणि छायाचित्रे या दोहोंवर बनावटपणाचा ठपका ठेवला.

या चुकीची किंमत कोणी मोजली? कमला ही बहुधा अपंग मूल होती. चालता न येणारी, बोलायला उशीर झालेली, आईबापांनी सोडलेली. पाठ्यपुस्तकाने तिला लांडगीण केले. संस्कार नसले की माणूस पशू होतो, हे शिकवण्यासाठी आपण तिचा नमुना केला, पण तिला कोणता आजार होता आणि काय मदत मिळायला हवी होती, हे कधी विचारले नाही. अशी मुले गावोगाव असतात. त्यांच्याकडे पाहण्याची नजर विद्यार्थी याच धड्यातून घेतो.

बुद्ध्यांक, कालिकाक आणि मुंबईत छापलेले एक पुस्तक

‘बुद्ध्यांकाचे जनक कोण?’ या प्रश्नाला ‘आल्फ्रेड बिने’ हे उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. बिने आणि सिमाँ यांची मापनश्रेणी १९०५ ची. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी म्हणून ती केली होती. मानसिक वयाला शारीरिक वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली आणि त्याला शंभराने गुणून आजचा आकडा लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये रूढ केला. बिने १९११ मध्येच वारले होते. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी रक्कम आहे, या निराशावादी मताविरुद्ध त्यांनी १९०९ मध्ये खरमरीत लिहिले होते. त्यांच्या नावावर नेमके तेच मत जमा झाले.

ते जमा करणाऱ्यांत हेन्री गॉडर्ड प्रमुख. त्यांनी बिनेची चाचणी अमेरिकेत नेली आणि १९१२ मध्ये ‘कालिकाक’ घराण्याची कथा छापली. एका सैनिकाला एका ‘मतिमंद’ स्त्रीपासून झालेल्या संततीत पिढ्यान्‌पिढ्या मतिमंद आणि गुन्हेगार निपजले, तर त्याच सैनिकाच्या कुलीन पत्नीपासून झालेल्या संततीत सगळे सज्जन. आडनाव बनावट होते. ग्रीक भाषेतल्या ‘चांगले’ आणि ‘वाईट’ या दोन शब्दांची ती जोड. पुढे वंशावळी तपासणाऱ्यांनी दाखवले की दोन्ही शाखा एकाच पुरुषापासून निघालेल्या नव्हत्या. म्हणजे तुलनेचा पायाच नव्हता. गॉडर्ड यांनीही १९२८ पर्यंत आपली मते बरीच मागे घेतली होती.

पाठ्यपुस्तकांनी मात्र ती घेतली नाहीत. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री गॅरेट १९४६ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या १९५५ च्या ‘जनरल सायकॉलॉजी’ या पुस्तकात कालिकाकांचे चित्र आहे. त्यात एका बाजूला नीटनेटके सज्जन आणि दुसऱ्या बाजूला शिंगे असलेले दुर्जन. गॉडर्ड यांनी आपली मते मागे घेऊन पंचवीसहून अधिक वर्षे लोटली होती.

गॅरेट हे नाव महाराष्ट्रातल्या शिक्षणशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. मानसशास्त्र आणि शिक्षण यांतील संख्याशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक मुंबईच्या वकील्स, फेफर अँड सायमन्स या प्रकाशनाने भारतात उपलब्ध केले. सरासरी, मध्यगा, सहसंबंध गुणक हे सारे पुष्कळांनी त्यातूनच शिकले. ते शिकणे वाया गेले असे नव्हे, कारण आकडेमोड तर बरोबरच होती. पण हाच लेखक १९५२ मध्ये व्हर्जिनियातल्या खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला होता. त्याच खटल्यात विरुद्ध बाजूने साक्ष दिली मेमी फिप्स क्लार्क यांनी. त्या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ गॅरेट यांच्याच विद्यार्थिनी. हा खटला पुढे १९५४ च्या ऐतिहासिक निकालात समाविष्ट झाला आणि वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. गुरूची चूक विद्यार्थिनीने न्यायालयात शपथेवर दुरुस्त केली, असे उदाहरण शास्त्रांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

याच कोलंबियात काही दशके आधी शिकून गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्थेला वंशशुद्धीचे आणि सुप्रजननाचे टेकू देणाऱ्यांचा समाचार घेतला होता. आपल्याकडे घराण्याच्या रक्ताची गोष्ट परदेशातून आणावी लागत नाही, ती आधीच घरोघर तयार असते. म्हणून कालिकाकची गोष्ट आपल्या वर्गात अमेरिकेतल्यापेक्षा सहज पटते आणि तिची दुरुस्ती इथे अधिक निकडीची ठरते.

मराठीपुरता या कथेचा आणखी एक धागा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० चा. नुसते भाषांतर करून भागत नाही, इथल्या मुलांवर पडताळून प्रश्न बदलावे लागतात, ही त्यांची दृष्टी त्या काळात मोठी होती. ‘बिने-कामत चाचणी’ पुढे सगळ्या देशात गेली आणि बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यांसाठी दीर्घकाळ वापरली गेली. मात्र चाचणीचे प्रमाणक काळाबरोबर शिळे होतात. विसाव्या शतकात देशोदेशी मुलांची कामगिरी पिढीगणिक उंचावत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ पासून दाखवले. जुन्या प्रमाणकांवर आजचे मूल मोजले तर आकडा फुगतो. परिणाम? ज्याला मदतीची गरज आहे ते मूल रेषेच्या वर जाते आणि सवलतीला मुकते. कामतांचा आदर करायचा तर त्यांनी केले तेच करायला हवे : आजच्या मुलांवर पुन्हा पडताळायचे.

भाषेने केलेल्या चुका

आतापर्यंतच्या चुका आयात होत्या. काही मात्र भाषांतराच्या वेशीवर जन्मतात. ‘ऋण प्रबलन’ ही संज्ञा घ्या. तिचा अर्थ असा : नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे एखादे वर्तन पक्के होणे. गाडीत पट्टा लावला की कर्कश आवाज थांबतो, म्हणून आपण पट्टा लावू लागतो. डोकेदुखी थांबते म्हणून गोळी घेण्याची सवय लागते. शिक्षेने वर्तन कमी होते, ऋण प्रबलनाने वाढते. दोन्ही एकमेकांच्या उलट. पण कुणी त्याला ‘नकारात्मक प्रबलन’ म्हटले की विद्यार्थ्याला छडी दिसते आणि उत्तरपत्रिकेत शिक्षेची उदाहरणे येतात. दोष त्याचा एकट्याचा नाही. स्किनर यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात ही संज्ञा आजच्या शिक्षेच्या जवळपासच्या अर्थाने वापरली होती. १९५३ पर्यंत त्यांनी ती बदलली. शास्त्रकर्त्याने स्वतः केलेली दुरुस्ती पुस्तकांत पुरती उतरली नाही.

दुसरा शब्द ‘छिन्नमनस्कता’. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. मनाच्या क्रियांमधला, विचार आणि भावना यांतला मेळ सुटणे, असा त्यांचा रोख होता. मराठीत मनाचे ‘छिन्न’ होणे आले आणि पाठोपाठ ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’. त्यातून एका देहात दोन माणसे, दिवसा सज्जन आणि रात्री राक्षस, अशी समजूत पसरली. ती अगदी वेगळ्या विकाराची गोष्ट आहे. ही चूक परीक्षेपुरती राहत नाही. अशा रुग्णाचे कुटुंब शेजाऱ्यांना काय सांगणार, घरातल्या मुलीची सोयरीक कशी जुळणार, औषध वेळेवर सुरू होणार की देवऋष्याकडे दोन वर्षे जाणार, हे सगळे या एका शब्दाच्या समजुतीवर ठरते.

याबाबत मराठी समाजाने केलेली दुरुस्ती पाठ्यपुस्तकाबाहेरून आली. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून झाला. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष पाहिल्यावर हा आजार म्हणजे दोन माणसे नव्हेत, एकाच माणसाची होणारी परवड आहे, हे हजारो प्रेक्षकांना दोन तासांत कळले. जपानमध्ये तर २००२ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून, आजाराचे नावच बदलले. ‘मन फाटल्याचा आजार’ असा जुन्या नावाचा अर्थ होता, त्याजागी ‘मेळ सुटल्याचा विकार’ अशा अर्थाचे नाव आले. चुकीचा शब्द नुसता समजावून सांगण्यापेक्षा कधी कधी तो बदलणे बरे.

दुरुस्ती का पोहोचत नाही?

या साऱ्या दुरुस्त्या छापील आहेत, काही तर पन्नास वर्षांपूर्वीच्या. तरी चुका टिकतात. चांगली गोष्ट लक्षात राहते आणि ‘परंतु’ राहत नाही, हे एक कारण झाले. पाठ्यपुस्तकाचा लेखक सहसा मूळ निबंध पाहत नाही, आधीचे पाठ्यपुस्तक पाहतो. मॅस्लो यांच्या गरजांच्या पिरॅमिडचे असेच झाले. मॅस्लो यांच्या १९४३ च्या निबंधात पिरॅमिड नाही. २०१९ मध्ये टॉड ब्रिजमन आणि सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला, तो १९६० मधल्या एका व्यवस्थापन सल्लागाराच्या लेखापर्यंत पोहोचला. आकृती सुबक आहे आणि काढायला सोपी. पाच रेघांना पाच गुण.

तिसरे कारण आपले स्वतःचे आहे. परीक्षक नमुना उत्तर पाहतो. ज्या विद्यार्थ्याने ‘अडतीस साक्षीदार ही बातमी सदोष होती’ असे लिहिले, त्याला गुण मिळतील याची हमी कोण देणार? म्हणून हुशार विद्यार्थीही खरे ठाऊक असून खोटे लिहितो. पुस्तकातली चूक अज्ञानाची असते. परीक्षेतली ही चूक जाणूनबुजून करायला लावलेली. मनाचे शास्त्र शिकवणाऱ्या वर्गात हे घडावे, ही गोष्ट साधी नाही.

उपायांना मोठा खर्च लागत नाही. मराठी ग्रंथव्यवहारात शुद्धिपत्राची जुनी, प्रामाणिक परंपरा आहे. ग्रंथ बांधून झाल्यावरही शेवटी एक पान चिकटवले जाई : ‘अशुद्ध’ आणि ‘शुद्ध’ असे दोन रकाने. ते पान लेखकाला कमीपणा आणत नसे, उलट त्याने आपला ग्रंथ पुन्हा वाचला आहे याची खात्री देई. मानसशास्त्राच्या प्रत्येक मराठी पुस्तकाला असे एक पान जोडता येईल. प्रत्येक प्रयोगाशेजारी वर्ष, स्थळ, किती माणसांवर केला आणि पुढे तो पुन्हा करून पाहिला का, एवढ्या चार गोष्टी देता येतील. प्रश्नपत्रिकेत ‘अल्बर्टचा प्रयोग वर्णन करा’ऐवजी ‘या प्रयोगावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही?’ असे विचारता येईल. महाविद्यालयातल्या शिक्षकाला एक तास काढून मूळ निबंध आणि पुस्तकातला उतारा शेजारी ठेवता येईल. वॉटसन-रेनर यांचा निबंध अवघा काही पानांचा आहे. देवळाली प्रवरेहून एसटीने येणाऱ्या मुलीलाही तो वाचता येईल, कोणी मराठीत हाती दिला तर.

असा तास ज्या वर्गात होईल, तिथल्या विद्यार्थ्यांचा मानसशास्त्रावरचा विश्वास उडेल अशी भीती काहींना वाटते. ती अनाठायी आहे. हॅरिस, मेमी क्लार्क, कामत ही माणसे या शास्त्राच्या बाहेरची नव्हती. शंका घेणे, जागेवर जाऊन पाहणे, जुना आकडा पुन्हा मोजणे, हे त्यांनी केले आणि शास्त्र त्यावरच उभे आहे. मिदनापूरच्या त्या मुलीला आता कोणी मदत करू शकत नाही. पण तिच्यासारखे न चालणारे, न बोलणारे मूल उद्या या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या तरी अंगणवाडीत, शाळेत किंवा घरात येणार आहे. त्या वेळी त्याला लांडग्याची गोष्ट आठवावी की मुलाला तपासणीला न्यायला हवे हे आठवावे, हे आजचे पुस्तक ठरवत असते.